लुसाकातील गरोदर स्त्रियांमधील एचआयव्हीचे प्रमाण मोजताना: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

झांबियाची राजधानी लुसाका येथील एखाद्या आरोग्य केंद्राचे एकच रजिस्टर दोघांच्या हाती द्या. एक जण ५.९ टक्के हा आकडा घेऊन येईल, दुसरा १७.५ टक्के. दोघांचा भागाकार बरोबर असेल. फरक पडतो तो छेदात कोणाला धरले आणि अंशात कोणाला गाळले यामुळे. ही चूक प्रयोगशाळेत क्वचित होते. ती होते रजिस्टरवर वाकून मोजणी करताना, आणि पुढे त्याच आकड्यावर औषधांची मागणी ठरते, तरुण मुलींसाठीचे कार्यक्रम ठरतात. म्हणून येथे चाचणीइतकाच भर मोजणीवर दिला आहे.

महाराष्ट्रात सेंटिनेल सर्वेक्षणाचे (ठरावीक केंद्रांवर ठरावीक काळाने होणाऱ्या मोजणीचे) काम केलेल्यांना एका केंद्रावर ४०० नमुने, १५ ते ४९ वयोगट आणि ओळीने येणाऱ्या स्त्रिया ही पद्धत माहीत असते. त्या सवयीतला क्रम आणि शिस्त लुसाकातही लागते, पण सूत्र तेच चालत नाही. महाराष्ट्रात गरोदर स्त्रियांमधील प्रमाण एक टक्क्याच्या बरेच खाली असल्याने ४०० नमुन्यांत एखाददुसरा पॉझिटिव्ह सापडतो. लुसाकात तेवढ्याच स्त्रियांमध्ये कित्येक डझन सापडतात. शिवाय त्यांतल्या बऱ्याच जणींना आपली लागण आधीपासून ठाऊक असते आणि त्या औषधांवर असतात. छेदाचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

## सुरुवातीआधी: दोन पद्धतींची सरमिसळ करू नका

जुनी पद्धत निनावी नमुन्यांची. सिफिलिससाठी घेतलेल्या रक्तातून उरलेला भाग नाव-क्रमांक काढून एचआयव्हीसाठी तपासला जाई. झांबियात १९९४ पासून अशा फेऱ्या झाल्या आणि लुसाकात चिलेंजे, चेलस्टन, कालिंगालिंगा व माटेरो ही केंद्रे त्यांत होती. नकार देण्याचा प्रश्न येत नसल्याने निवडीचा दोष (ठरावीक प्रकारच्या स्त्रियाच गळून आकडा एका बाजूला झुकणे) कमी राही. पण ज्या स्त्रीचे रक्त पॉझिटिव्ह आले तिला ते कधीच कळत नसे. बाळाला होणारी लागण टाळणारी औषधे त्याच इमारतीत मिळू लागल्यावर हे समर्थनीय राहिले नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशांना नेहमीच्या सेवेतील चाचण्यांच्या नोंदींकडे वळण्याची दिशा दिली.

आज करायची ती दुसरी पद्धत: गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत सेवा म्हणून होणारी चाचणी, तिचा निकाल त्या स्त्रीच्या हाती, आणि त्याच नोंदींवरून देखरेख.

सावध: दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच आलेखावर एका रेषेने जोडू नका. पद्धत बदलली त्या वर्षी रेषा तोडा आणि तळटीप लिहा.

## टप्पा १: व्याख्या कागदावर उतरवा

तोंडी ठरलेली व्याख्या तिसऱ्या क्लिनिकपर्यंत पोचताना बदललेली असते. एका पानावर पुढील गोष्टी लिहा आणि प्रत्येक केंद्रातील रजिस्टरच्या पहिल्या पानाला ते पान चिकटवा.

- कोण मोजायच्या: सध्याच्या गरोदरपणातील पहिल्या भेटीला आलेल्या १५ ते ४९ वर्षांच्या सर्व स्त्रिया. पंधरा वर्षांखालील मुलीला पूर्ण सेवा द्यायची, नोंदही करायची, मात्र या प्रमाणात तिला धरायचे नाही.
- किती वेळा: एका गरोदरपणात एकदाच. पुढच्या भेटी, तिसऱ्या तिमाहीतली फेरचाचणी, प्रसूतीच्या वेळची चाचणी, स्तनपानाच्या काळातली चाचणी यांपैकी काहीही येथे येत नाही.
- अंश: आधीपासून पॉझिटिव्ह असल्याचे माहीत असलेल्या, अधिक पहिल्या भेटीत नव्याने पॉझिटिव्ह निघालेल्या.
- छेद: आधीपासून पॉझिटिव्ह, अधिक पहिल्या भेटीत चाचणी होऊन पक्का निकाल मिळालेल्या, अधिक गेल्या तीन महिन्यांतला लेखी निगेटिव्ह निकाल हातात असल्याने ज्यांची पुन्हा चाचणी झाली नाही त्या.
- छेदाबाहेर: चाचणी न झालेल्या आणि अनिर्णित निकालाच्या. यांना रजिस्टरमधून वगळायचे नाही. त्यांची संख्या वेगळी ठेवायची, ती टप्पा ७ मध्ये लागते.

भौगोलिक हद्दही येथेच ठरवा. लुसाका जिल्हा म्हणजे शहर. लुसाका प्रांतात चिलांगा, काफुए, चोंगवे हे भागही येतात. प्रांताचा आकडा शहराचा म्हणून छापला जाणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. याच्या उलटही होते: चिलांगा आणि चोंगवेकडच्या स्त्रिया शहरातल्या केंद्रांवर येतात. त्यासाठी राहण्याचे ठिकाण हा रकाना रिकामा सोडू देऊ नका.

## टप्पा २: केंद्रे निवडा आणि मग ती बदलू नका

कल पाहायचा असेल, तर वर्षानुवर्षे तीच केंद्रे राहणे हे केंद्रे आदर्श असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. दाट वस्तीतील, मध्यम वस्तीतील आणि शहराच्या कडेची अशी सरमिसळ ठेवा. कन्यामा, चावामा, जॉर्ज यांसारख्या दाट वस्त्यांची केंद्रे आणि चिलेंजे, चेलस्टन यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांचे वय, शिक्षण, राहणीमान सारखे नसते. खासगी दवाखान्यांत जाणाऱ्या स्त्रिया या मोजणीत येत नाहीत, हे अहवालात स्पष्ट लिहा.

लुसाकात एक अडचण खास आहे. चिलेंजे, माटेरो, चिपाता, कन्यामा आणि चावामा येथील आरोग्य केंद्रांचे पुढे प्रथम स्तराच्या रुग्णालयांत रूपांतर झाले. रुग्णालय झाले की आजूबाजूच्या क्लिनिकांतून गुंतागुंतीच्या गरोदर स्त्रिया तिकडे पाठवल्या जातात. नाव आणि जागा तीच राहते, पण येणाऱ्या स्त्रिया बदलतात. अशा केंद्रावर पाठवलेल्या स्त्रियांची वेगळी खूण करा आणि प्रमाण फक्त आपल्या वस्तीतून थेट पहिल्या भेटीला आलेल्यांचे काढा.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती संपूर्ण फाइल बिघडवते. लुसाकात चिपाता नावाची वस्ती आहे आणि झांबियाच्या पूर्व प्रांतात चिपाता नावाचे शहर आहे. नावावरून नोंदी जोडल्या की दुसऱ्या शहराचे आकडे लुसाकात येऊन बसतात. केंद्राचा अधिकृत कोड वापरा, नाव कधीच नको.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक केंद्रासाठी मागच्या बारा महिन्यांतील पहिल्या भेटींची महिनावार संख्या काढा. एखाद्या महिन्यात ती निम्म्यावर आली असेल तर कारण शोधा. चाचणीचे किट संपले होते, रजिस्टर संपले होते, की कर्मचारी दुसऱ्या मोहिमेवर गेले होते? कारण सापडेपर्यंत त्या केंद्राला होकार देऊ नका.

## टप्पा ३: किती स्त्रिया लागतील

एका वेळचे प्रमाण सांगायचे असेल तर गणित सोपे आहे. अपेक्षित प्रमाण २० टक्के आणि चालणारी चूक दोन्ही बाजूंना ४ टक्केबिंदू धरली, तर ३८४ स्त्रिया पुरतात. दहा टक्के नोंदी निकामी निघतील असे धरून ४२७ घ्या. चारशेचा पारंपरिक आकडा याच्या जवळपासच आहे.

मात्र बदल दाखवायला चारशे पुरत नाहीत. प्रमाण २४ वरून २० टक्क्यांवर आले हे ८० टक्के खात्रीने पकडायचे असेल, तर प्रत्येक फेरीत सुमारे १,६८० स्त्रिया लागतात. एका क्लिनिकच्या दोन फेऱ्यांतील चारशे-चारशे नमुन्यांवरून ‘घट झाली’ म्हणणे हे नाणेफेकीवर निर्णय घेण्याच्या फार पुढे नाही.

वयोगट पाडले की अवस्था आणखी बिकट होते. चारशेत १५ ते २४ वयाच्या १८० असतील आणि त्यांच्यातील प्रमाण १० टक्के असेल, तर खरा आकडा ५.६ ते १४.४ मध्ये कुठेही असू शकतो. तरुणींमधला कल हाच तर सर्वांत उपयोगी असतो. म्हणून नमुना न घेता निवडलेल्या केंद्रांतील वर्षभराच्या सर्व पहिल्या भेटी घ्या. सेवेच्या नोंदी वापरण्याचा मोठा फायदा हाच. संख्या हजारांत जाते, योगायोगाची भीती मागे पडते आणि सगळे लक्ष नोंदींच्या खरेपणावर देता येते.

नमुना घेणे भागच असेल तर ओळीने घ्या: ठरलेल्या तारखेपासून येणारी प्रत्येक पात्र स्त्री, संख्या पुरी होईपर्यंत.

सावध: ‘आज गर्दी आहे, उद्यापासून घेऊ’ असे झाले की नमुना ओळीचा राहत नाही. गर्दीच्या दिवशी येणाऱ्या आणि निवांत दिवशी येणाऱ्या स्त्रिया सारख्या नसतात.

## टप्पा ४: रजिस्टरची परीक्षा

मोजणीपूर्वी प्रत्येक केंद्रात एक दिवस फक्त यासाठी द्या. मागच्या तिमाहीतील पहिल्या भेटींच्या ५० ओळी घ्या आणि पुढील रकाने भरलेले आहेत का पाहा: भेटीची तारीख, वय, गरोदरपणाचे आठवडे, कितवे गरोदरपण, राहण्याचे ठिकाण, आल्यावेळची एचआयव्ही स्थिती, पहिली चाचणी, दुसरी चाचणी, अंतिम निकाल, चाचणी झाली नसल्यास कारण. मग याच ५० स्त्रियांचे निकाल चाचणीच्या खोलीतल्या नोंदवहीशी ताडून पाहा. तीनपेक्षा जास्त ठिकाणी मेळ बसला नाही, तर आधी नोंद सुधारा, मोजणी नंतर.

सर्वाधिक घोटाळा ‘आल्यावेळची स्थिती’ या रकान्यात असतो. त्यात चार नोंदी स्पष्ट वेगळ्या हव्यात: पॉझिटिव्ह असून कार्ड पाहिले, पॉझिटिव्ह असल्याचे फक्त सांगितले, अलीकडचा निगेटिव्ह निकाल लेखी आहे, आणि माहीत नाही. रिकामी जागा म्हणजे निगेटिव्ह असे कोणीतरी गृहीत धरतेच. रिकामी जागा ही ‘माहीत नाही’ अशीच मोजायची.

एकाच गरोदरपणाच्या दोन ‘पहिल्या’ भेटी हा दुसरा घोटाळा. स्त्री माहेरी किंवा दुसऱ्या वस्तीत जाते आणि तिथल्या क्लिनिकमध्ये नवा क्रमांक मिळतो. तिच्याजवळचे गरोदरपणाचे कार्ड मागून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. कार्ड नसेल तर २८ आठवड्यांनंतरच्या प्रत्येक ‘पहिल्या’ भेटीत याआधी दुसरीकडे तपासणी झाली का हे विचारून रजिस्टरमध्ये ‘बदलून आलेली’ अशी खूण करा. विचारताना सूर चौकशीचा नको. बेंबा किंवा न्यांजा या स्थानिक भाषा नीट बोलणारी सिस्टर असेल तर हाच प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

## टप्पा ५: चाचणी

झांबियात दीर्घकाळ वापरलेली रॅपिड टेस्ट किट्सची जोडी म्हणजे आधी डिटरमाइन, ती पॉझिटिव्ह आली तर युनिगोल्ड. तुमच्या केंद्रात सध्या कोणती किट्स आहेत ते पाहून त्यांच्याच पाकिटातील पत्रकानुसार चाला. खालील क्रम या जोडीचा आहे.

डिटरमाइन (बोटातून रक्त)

1. पट्टी फाडून वेगळी करा, वरचे आवरण काढा, पट्टीवर स्त्रीचा क्रमांक लगेच लिहा.
2. बोटाच्या कडेला टोचा. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा.
3. किटसोबतच्या कॅपिलरी नळीने ५० मायक्रोलिटर रक्त घेऊन पॅडवर सोडा. थेंब नजरेने मोजू नका.
4. रक्त पॅडमध्ये पूर्ण शोषले गेल्यावरच बफरचा (किटसोबतच्या द्रवाचा) एक थेंब टाका.
5. घड्याळ लावा. १५ मिनिटांआधी वाचायचे नाही, ६० मिनिटांनंतरही नाही.

युनिगोल्ड

सोबतच्या ड्रॉपरने रक्ताचे दोन थेंब, म्हणजे सुमारे ६० मायक्रोलिटर, आणि त्यावर वॉश द्रवाचे दोन थेंब. दहा मिनिटांनी वाचा. वाचनाची कमाल मर्यादा पत्रकात पाहून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

कंट्रोल रेषा (पट्टी नीट चालल्याची खूण) आली नाही तर चाचणी बाद. निगेटिव्ह लिहू नका, नवी पट्टी घ्या. टेस्ट रेषा (पॉझिटिव्ह असल्याची खूण) फिकट असली तरी ती रेषाच. ‘फारच फिकट आहे, सोडून देऊ’ हे वाक्य ऐकू आले तर प्रशिक्षण पुन्हा घ्या. पहिली पॉझिटिव्ह आणि दुसरी निगेटिव्ह असेल, तर दोन्ही पुन्हा करा. तरीही जुळले नाही तर निकाल अनिर्णित आणि १४ दिवसांनी फेरचाचणी.

काय बिघडते आणि का

बफर आधी टाकला किंवा रक्त कमी पडले की नमुना रेषेपर्यंत नीट चढत नाही आणि खरी पॉझिटिव्ह निसटू शकते. गर्दीच्या सकाळी दहा पट्ट्या एकदम मांडल्या आणि एकच घड्याळ लावले, तर पहिली पट्टी वेळेवर वाचली जाते आणि शेवटची घाईने. पाच-पाचच्या गटात करा. उष्णता हा लुसाकातला खरा शत्रू आहे. डिटरमाइन ३० अंशांपर्यंत ठेवता येते, युनिगोल्ड २७ पर्यंत. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत गरम महिना. पत्र्याच्या छपराखालच्या साठवण खोलीत पारा या मर्यादा सहज ओलांडतो. किमान-कमाल तापमापक टांगा आणि सकाळ-दुपार नोंद ठेवा.

एकाच चाचणीवर पॉझिटिव्ह ठरवणे का चालत नाही, हे संख्येतच पाहा. चाचणी केलेल्या ८५० जणींत खरोखर निगेटिव्ह ८०० असतील आणि चाचणी १०० निगेटिव्हमागे एकदा चुकत असेल, तर ८ जणी चुकून पॉझिटिव्ह ठरतात. खऱ्या ५० पॉझिटिव्हसमोर हे आठ म्हणजे एकूण पॉझिटिव्हपैकी साधारण सातवा हिस्सा. माहीत असलेल्या पॉझिटिव्ह वगळल्यावर उरलेल्यांत लागण कमी-कमी होत जाते, म्हणून २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना पॉझिटिव्ह ठरवण्यासाठी सलग तीन चाचण्या पॉझिटिव्ह येण्याची अट सुचवते. औषधे सुरू करण्याआधीची खातरजमाही चुकवू नका. चुकून पॉझिटिव्ह ठरलेल्या स्त्रीचे नुकसान आकड्यापुरते राहत नाही.

सावध: औषधे घेत असलेल्या स्त्रीची ‘पाहू तरी’ म्हणून पुन्हा रॅपिड टेस्ट करू नका. दीर्घ उपचारांत रेषा फिकट किंवा नाहीशी येऊ शकते. ती निगेटिव्ह म्हणून नोंदली जाते आणि गोळ्या थांबण्याचा धोका निर्माण होतो.

## टप्पा ६: गुणवत्तेसाठी वाळवलेले रक्त

सर्व नव्या पॉझिटिव्ह आणि ठरावीक निगेटिव्ह स्त्रियांचे, संमती घेऊन, फिल्टर कागदावर रक्ताचे ठिपके घ्या आणि संदर्भ प्रयोगशाळेला पाठवा. निगेटिव्ह निवडताना ‘प्रत्येक विसावी’ असा नियम ठेवा, सिस्टरच्या मर्जीवर सोडू नका.

कार्डावर पाच वर्तुळे असतात, प्रत्येक साधारण १३ मिलिमीटरचे. प्रत्येकात सुमारे ७५ मायक्रोलिटर, एका मोठ्या थेंबात वर्तुळ भरायचे. थेंबावर थेंब टाकला की थर बसतो आणि प्रयोगशाळेत काढलेला तुकडा विश्वासार्ह राहत नाही. मागच्या बाजूने रक्त दिसते का पाहा. दिसत नसेल तर वर्तुळ भरलेले नाही. कार्ड आडवे, सावलीत, किमान चार तास वाळवा. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाळी महिन्यांत रात्रभर. पंख्याचा झोत, ऊन, हीटर नको. वाळल्यावर कार्डांमध्ये ग्लासिन (गुळगुळीत, न शोषणारा) कागद घालून झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे कार्ड. त्याचे ठिपके निळ्याचे गुलाबी झाले तर पुड्या बदला. जास्त दिवस ठेवायचे असेल तर उणे २० अंश.

तपासा: एका केंद्रातील ४० निगेटिव्ह पुन्हा तपासले आणि एकही चूक निघाली नाही, म्हणून निश्चिंत होऊ नका. चाळीसात शून्य चुका याचा अर्थ खरा चुकीचा दर ७.५ टक्क्यांपर्यंतही असू शकतो. सर्व केंद्रांचे मिळून ४०० झाले आणि तरीही शून्य असेल, तर ती मर्यादा ०.७५ टक्क्यावर येते. म्हणून हा हिशेब तिमाहीअखेर शहरभराचा एकत्र करा.

## टप्पा ७: गणित

एका केंद्राचे काल्पनिक वर्ष घेऊ. पहिल्या भेटी १,०००. त्यांत आधीपासून पॉझिटिव्ह १२०. चाचणी झालेल्या ८५०, त्यांत नव्याने पॉझिटिव्ह ५०. चाचणी न झालेल्या ३०.

- बरोबर: (१२० + ५०) ÷ (१२० + ८५०) = १७० ÷ ९७० = १७.५ टक्के.
- चूक, आधीच्या पॉझिटिव्ह वगळल्या: ५० ÷ ८५० = ५.९ टक्के. हा नव्या चाचण्यांतील पॉझिटिव्ह टक्का झाला, तो प्रमाण म्हणून छापला जातो.
- चूक, न तपासलेल्या निगेटिव्ह धरल्या: १७० ÷ १,००० = १७.० टक्के.
- चूक, पुढच्या ४०० फेरचाचण्या छेदात गेल्या: १७० ÷ १,३७० = १२.४ टक्के.

पहिली चूक दरवर्षी वाढत जाते, हे लक्षात ठेवा. जितक्या जास्त स्त्रियांना आपली लागण आधी कळते आणि त्या उपचारांवर येतात, तितका चुकीचा आकडा खाली घसरतो. सेवा सुधारल्याने पडलेला फरक साथ ओसरल्यासारखा दिसू लागतो.

आता बाजूला ठेवलेल्या ३० जणी. त्या सर्व पॉझिटिव्ह असत्या तर प्रमाण २०.० टक्के, सर्व निगेटिव्ह असत्या तर १७.०. हा पट्टा अहवालात द्या. चाचणी न झालेल्या दहा टक्क्यांच्या पुढे गेल्या की हा पट्टा इतका रुंद होतो की त्या केंद्राचा आकडा कलासाठी वापरू नये. नकार किती आणि किट नव्हते म्हणून राहिलेल्या किती हे वेगळे काढा. किट संपल्याच्या आठवड्यांत आलेल्या सगळ्याच राहतात, त्यामुळे निवडीचा दोष कमी असतो. नकार देणाऱ्यांत मात्र आपली स्थिती ठाऊक असूनही सांगू न इच्छिणाऱ्या असू शकतात.

योगायोगाची मर्यादा (९५ टक्के विश्वासाचा पट्टा): ९७० स्त्रियांवर १७.५ टक्के म्हणजे १५.१ ते १९.९. शहराचा आकडा काढताना ही साधी मर्यादा पुरत नाही, कारण एका केंद्रातील स्त्रिया एकमेकींसारख्या असतात. प्रत्येक केंद्रात ४०० स्त्रिया आणि केंद्रांतर्गत साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) अगदी ०.००५ इतके कमी असले, तरी विचरण (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) तिप्पट होते. त्यामुळे केंद्रे गट म्हणून विश्लेषणात घाला.

वयाचा समतोल साधायला विसरू नका. १५–२४ मधले प्रमाण १० आणि २५ वर्षांवरील २४ टक्के आहे असे धरा. दोन्ही गट निम्मे-निम्मे असतील तर एकूण १७.० येते. पुढच्या वर्षी तरुणींचा वाटा ४० टक्क्यांवर आला, बाकी काहीही बदलले नाही, तरी एकूण १८.४ होते. पहिल्या फेरीची वयरचना ठरावीक मानून पुढच्या सर्व फेऱ्यांचे प्रमाण त्यावर काढा आणि मूळ आकडाही सोबत द्या.

## टप्पा ८: अर्थ लावताना

एकूण प्रमाण स्थिर राहिले म्हणजे काही बदलले नाही, असे समजू नका. औषधांमुळे स्त्रिया जगतात, त्यांची प्रकृती सुधारते, त्या पुन्हा आई होतात आणि पुन्हा या मोजणीत येतात. नव्या लागणी कमी होत असतानाही एकूण प्रमाण जागचे हलत नाही, आणि ते औषधांचे यश असते. म्हणून पहिली नजर १५ ते २४ वयोगटावर ठेवा, त्यातही पहिल्या गरोदरपणावर. त्यांची लागण तुलनेने ताजी असते आणि दीर्घ जगण्याचा परिणाम कमी असतो.

लुसाकातील सेवेच्या नोंदींवरून २००२ च्या तिसऱ्या तिमाहीत गरोदर स्त्रियांतील प्रमाण २४.५ टक्के होते, ते २००६ पर्यंत २१.४ झाले. सतरा वर्षे वा त्याखालील मुलींमध्ये मात्र १२.१ वरून ७.७. एकूण आकड्यात घट आठव्या हिश्शाएवढी दिसते, लहान वयात ती एक तृतीयांशाहून जास्त. फक्त पहिली ओळ वाचणाऱ्याला खरी बातमी दिसलीच नसती.

‘नव्याने पॉझिटिव्ह’ हा रकाना नव्या लागणींचा मानू नका. त्यात पाच वर्षांपूर्वी लागण होऊन आज पहिल्यांदा तपासलेली स्त्री येते, तशीच कार्ड घरी ठेवून पुन्हा चाचणी करून घेणारीही येते. ही दुसरी स्त्री एकूण प्रमाण बिघडवत नाही, ती अंशात आणि छेदात एकदाच येते. बिघडतो तो ‘नव्यां’चा आकडा.

गरोदर स्त्रिया म्हणजे सर्व स्त्रिया नव्हेत. १५–१९ मध्ये गरोदर असलेल्या सर्व जणी लैंगिक संबंध आलेल्या असतात, त्या वयाच्या सर्व मुली नसतात. म्हणून येथे प्रमाण जास्त दिसते. वय वाढते तसे चित्र उलटते, कारण उपचार न घेतलेल्या लागणीत गर्भधारणा कमी होते. शहरातील सर्व प्रौढांचा आकडा हवा असेल तर झांबियात २०१६ आणि २०२१ मध्ये झालेल्या घरोघरच्या एचआयव्ही सर्वेक्षणांकडे जा. क्लिनिकचा आकडा दोन सर्वेक्षणांच्या मधल्या वर्षांची दिशा दाखवायला आहे.

## टप्पा ९: अहवालात काय असावे

प्रत्येक केंद्रासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत अंश-छेद दोन्ही: पहिल्या भेटी, आधीपासून पॉझिटिव्ह, अलीकडच्या निगेटिव्ह, चाचणी झालेल्या, नव्याने पॉझिटिव्ह, अनिर्णित, न झालेल्या (नकार आणि किटअभावी वेगळे), प्रमाण, मर्यादा. नुसती टक्केवारी देणारा तक्ता परत पाठवा. त्याखाली किटची नावे, ती कोणत्या महिन्यात बदलली, कोणत्या आठवड्यांत साठा संपला आणि कोणत्या केंद्राचा दर्जा बदलला याची नोंद.

केंद्र, वय आणि वस्ती असे तिन्ही एकत्र पाडले की एखाद्या खणात एक-दोन स्त्रियाच उरतात. छोट्या वस्तीत तेवढ्यावरून ती कोण हे शेजाऱ्यांना कळते. पाचपेक्षा कमी संख्येचे खण छापू नका, वयोगट जोडून मोठे करा. नाव आणि क्रमांक असलेली मूळ फाइल विश्लेषण करणाऱ्याच्या लॅपटॉपवर कधीच जाऊ नये. केंद्रातच क्रमांक काढून टाका, आणि रजिस्टर कपाटात कुलूपबंद झाल्याशिवाय त्या दिवसाचे काम संपले असे धरू नका.